न निघालेल्या लेबलाबाबत

नाव : नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे. वय : ३६ वर्षे. धंदा : वाइनच्या रिकाम्या बाटल्यांचे टेबललॅम्प बनवणे. राहणार : लॉन्ड्रीच्या वर, दुसरा मजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासरे असे राहतो. सासरे पुस्तकांचे बाइंडर होते. सासूबाई गेल्यापासून दोन वर्षे ते खिडकीजवळच्या खुर्चीतून जेवणापुरतेच उठत.

हॉटेलातून आणलेल्या बाटल्यांची लेबलं मी घरीच काढते. रिकामी बाटली टबात तरंगते, म्हणून ती गरम पाण्याने भरून, बूच लावून सोड्याच्या पाण्यात बुडवते. तळाशी वाइन उरलेली असल्यास आतलं पाणी तांबूस होतं. राहिलेला गोंद तेल लावून तारेच्या घासणीने काढते. दीड महिन्यापूर्वी एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास एका बाटलीचा गोंद काही केल्या सुटेना. मी वैतागून म्हणाले, "असला चिवट गोंद जन्मात पाहिला नाही बाई!" सासऱ्यांना ते झोंबलं. "हा कसला गोंद? माझी खळ बघ!" असं म्हणून ते खुर्चीतून उठले. त्यांनी मैद्यात, कीड लागू नये म्हणून, मोरचूद घालून खळ शिजवली, काढलेलं एक लेबल बाटलीवर पुन्हा डकवलं व "आता काढून दाखव, सूनबाई," असं मला बजावलं.

मी बाटली बुडवली. मैद्याचीच खळ ती, पाच मिनिटांत लेबल पाण्यावर आलं. सासरे पाठमोरे पातेलं घासत होते व शीळ घालत होते. ती शीळ मी दोन वर्षांत ऐकली नव्हती. मी लॅम्पचे होल्डर बसवायच्या पक्क्या गोंदाने ते लेबल परत चिकटवलं आणि वाळल्यावर "हरले, बाबा" असं सांगितलं. तेव्हापासून ते रोज खळ शिजवतात व मी रोज हरते.

असं होता होता गॅलरीत तांबूस पाण्याने भरलेल्या, बूच लावलेल्या, कोऱ्या करकरीत लेबलांच्या चाळीस बाटल्या जमल्या. लॉन्ड्रीवाल्यांनी नकली वाइनची तक्रार दिली. त्यांचा काही दोष नाही, मलाही तसंच वाटलं असतं.

आज ठाण्यात हवालदारसाहेबांनी तपासासाठी एक लेबल ब्लेडने खरवडलं. ते हललं नाही. "जोर लावा, साहेब, लाजू नका," असं सासरे म्हणाले. सकाळपासून आल्यागेल्याला ते हीच हकिकत सांगत आहेत.

बाटल्या हव्या तर जप्त कराव्यात, मला समज द्यावी. परंतु गोंदाचं मी हळू आवाजात सांगितलं आहे, ते त्यांना कळू देऊ नये. कळलं तर ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि मला ते बघवणार नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. सासरे दारापाशीच बाकावर असल्याने गोंदाचा मजकूर हवालदारसाहेबांनी मनातल्या मनात वाचला. तोही बरोबर आहे.