उपरण्यातला हात

औरंगाबादच्या बसस्टँडवर ताहेरा देवगाव रंगारीच्या गाडीची वाट बघत समोरच्या म्हाताऱ्याचं चित्र काढत होती. हात तिला कधी जमत नसत, म्हणून ती नेहमी चेहऱ्यावरच थांबे. म्हाताऱ्याशेजारी त्याची बायको होती.

"अहो, ती पोरगी तुमचं चित्र काढतीय. नीट बसा."

"माझं कशाला? तुझं काढत आसंल."

"मी काय नवी नवरी हाय? आन् हात का लपवला उपरण्यात?"

"थरथरतोय गं. चित्रात बरं दिसत नाय."

"लग्नात हार घालताना बी थरथरत व्हता."

"तवा तुझं भ्या वाटत व्हतं."

"आता नाय वाटत?"

"आता सवय झाली."

"मग काढा बाहीर. द्या इकडं, मी धरते."

ताहेरानं चेहरा अर्धाच सोडला आणि एकमेकांत धरलेले ते दोन हात काढायला घेतले. गाडी लागली तेव्हा तेवढेच पुरे झाले होते. तिनं कागद त्यांच्यापुढं धरला.

"माझं तोंड अर्धंच हाय की."

"बरं झालं. पुरं आसतं तर बोलत बसलं आसतं. उठा, गाडी लागली."

"मग हात सोड की."

"आधी गाडीत चढा."