दर आठ मिनिटांनी

थोरली : मशीन बंद कर आधी. तिसऱ्यांदा थांबलीस तू.

धाकटी : जाऊबाई, अहो, पन्नास कॉलर राहिल्यात. बाळ फिरतंय, दुसरं काय!

थोरली : बाळ फिरलं तर लाथ एका जागी लागते. तुझं सगळं पोट एकदम आवळतंय का?

धाकटी : हो... मूठ वळल्यासारखं. मग सैल पडतं. फार दुखत नाही.

थोरली : आणि कंबर?

धाकटी : सकाळपासून भरून आलीय. इथं दिवसभर बसून कुणाची येत नाही?

थोरली : पाणी पी आणि या गठ्ठ्यांवर डाव्या कुशीला आडवी हो. दमून कडक झालं असेल तर पडल्यावर थांबेल.

धाकटी : सुपरवायझर बाई बघतील.

थोरली : बघू दे. घड्याळाकडे मी बघते. हात ठेवू पोटावर?

धाकटी : ठेवा... आलं, आलं बघा.

थोरली : कपाळासारखं टणक लागतंय गं.

धाकटी : गेलं. म्हणजे बरं ना?

थोरली : गप्प पडून राहा जरा.

धाकटी : ...जाऊबाई, पुन्हा.

थोरली : आठ मिनिटं. मघाशीही आठच. पडूनही थांबत नाहीये. खाली ओलं वाटतंय? खरं सांग.

धाकटी : थोडं. पाण्यासारखं. लाजेनं बोलले नाही.

थोरली : या कळाच आहेत. ऊठ, दवाखान्यात जायचंय.

धाकटी : सहावा तर चाललाय! सासूबाई म्हणतील, राईचा पर्वत केला.

थोरली : म्हणू देत. मला म्हणाल्या होत्या, 'गॅस असेल, पड जरा.' पडले. उठून धुणं वाळत घातलं. मोरीपर्यंत पोचले नाही, त्याआधीच सगळं संपलं. मलाही सहावाच होता.

धाकटी : तुमचा तर पाय घसरला होता ना?

थोरली : घरात तसं सांगायचं ठरलं. चल, खांद्यावर भार टाक माझ्या.

(तिसऱ्या दिवशी, दवाखान्यात.)

नर्स : सातशे दहा ग्रॅम. श्वास मशीनवर आहे. खोटा धीर देत नाही मी, बाळाचं आज काही सांगता येत नाही.

धाकटी : रडला का तो?

नर्स : इतक्या लहानांना रडता येत नाही. पण दोन दिवस कळा थोपवल्या, फुप्फुसांची इंजेक्शनं देता आली. तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर तेवढंही हाती नसतं. दूध काढून ठेवा. थेंबभर निघालं तरी आणून द्या.

धाकटी : ...जाऊबाई, तुम्ही पाहिलंत त्याला?

थोरली : काचेतून. एवढंसं बोट आहे.

धाकटी : तुमचं काय होतं? मुलगा की मुलगी?

थोरली : मुलगी.

धाकटी : कधी बोलला नाहीत.

थोरली : कुणी विचारलंच नाही गं.