सणाची पहिली सुट्टी

केशकर्तनालयात नंबर लावून बसलेल्या मास्तरांचं पेपरात लक्षच लागेना. खुर्चीतला बस ड्रायव्हर तोंडाला फेस असतानाच न्हाव्याला सांगत होता.

“एकवीस वर्षांत पहिल्यांदा सणाची सुट्टी मिळाली! उद्या प्रार्थनेला मीसुद्धा!”

“आजवर कधीच नाही गेलात?”

“लोकांना दारात सोडायचं आणि आपण बाहेर गाडीत बसायचं. आतून आवाज आला की स्टिअरिंगवरच हात जोडायचे.”

“मग उद्या बसा की सगळ्यांत पुढे, ऐटीत!”

“बसेन रे! पण आत गेल्यावर नेमकं करतात काय?”

“मला काय विचारता? सणाच्या सकाळी अख्खी वस्ती इथूनच चकाचक होऊन जाते. मला मान वर करायला फुरसत नसते.”

“म्हणजे तूही कधी…?”

वस्तरा गालावरच थांबला.

“मंडळी, दाढ्या आजच उरकून घ्या! उद्या दुकान बंद!”