फक्त नाव सांगा

माझं माहेर किल्लारीकडचं, सासर औशाजवळचं, आन् जिंदगी गेली लातुरात, डाळमिलमध्ये. मी डाळ निवडायला, मालक तिथंच मशीनवर. मालक म्हंजे मिलचे न्हाई हो, आमचे! आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. उखाण्यात घेतलं तर चालतं, उघडं घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं, असं माझी आई म्हणायची. रेशनवाला नाव इचारायचा तर मी कार्ड म्होरं करायची, न्हाईतर मागची बाई सांगायची. वीस-बावीस वर्सं काढली अशी, कुठं काही अडलं न्हाई.

पोरगी एकच, रेणुका. हुशार लई. नांदेडला कॉलेजात कम्प्युटर शिकायला घातली. काय शिकतीस गं म्हणलं, तर म्हणली, माणसाला मशीन सोपं कसं करायचं ते शिकून राहिले. मला हसू आलं, म्हणलं बाई, आधी सैपाक सोपा कर. तर म्हणली, आई, तुला फोन वापरता येत न्हाई तर चूक तुझी न्हाई, ज्यानं बनवला त्याची. काय सांगू तुम्हाला, अडाणी बाईला असं कुणी म्हणलं नव्हतं आजवर. मिलमध्ये चार जणींला सांगून आले मी ते.

मग सुट्टीत आली ती एक फॉर्म घेऊनच. फोनमधला, तिनं बनवलेला. ज्या बायांला लिहिता येत न्हाई त्यांनी नुसतं बोलायचं, फॉर्म आपला आपण भरतो. म्हणली, आई, तू बोल, अडलीस तरी मी सांगणार न्हाई, बघून लिहिणार, सरांचा नियम हाय. बसली वही घेऊन. मशीन बाईच्या आवाजात इचारतंय, मीबी झोकात सांगून राहिले, गाव, वय, समदं. आन् मग म्हणतंय, पतीचे नाव सांगा. मी म्हणलं, रेणुकाचे पप्पा. म्हणतंय, समजलं नाही. मी म्हणलं, आमचे मालक. समजलं नाही. पोरीकडं बघितलं तर तिची मान खाली, वहीत. दारात हे उभे, हसून राहिलेत. मग मी उखाणाच घेतला, डाळीत डाळ तुरीची डाळ, दत्तारावांचं नाव घेते, सुखात जावो काळ. अगं बाई, बापलेक हसून लोळले, आन् मशीन म्हणतंय, फक्त नाव सांगा. हे म्हणले, अगं घे की, पोरीचे मार्क जातील. म्हणून घेतलं. उघडं. दत्ता. तर हे दारातून म्हणले, हाव, आलो.

त्याच्या आठव्या दिवशी मिलमध्ये ह्यांच्या छातीत कळ आली. पोत्यावर टेकले ते उठलेच न्हाईत. दवाखान्यात नेईस्तोवर संपलं होतं.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आली आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, तुझ्या मशीनपायी घेतलं गं मी त्यांचं नाव. समद्यांदेखत. मला ते खरं वाटतं असंबी न्हाई हो, डॉक्टर म्हणले नस कधीचीच बंद होत आलेली. पण जिभेला हाड नसतं. ती रडली न्हाई, तांब्या ठेवला आन् आत गेली.

त्यानंतर नांदेडला गेलीच न्हाई. सरांचे फोन येऊन येऊन थांबले. आता बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरती. परवा डबा द्यायला गेले तर एक म्हातारी समोर बसलेली. रेणुका तिला म्हणून राहिली, मावशी, मालकांचं नाव सांगू नका, कार्ड द्या, मी बघून लिहिते.  डबा बाहेरच्या बाकड्यावर ठेवला आन् तशीच माघारी आले.

घरी माझं समदं करती, गोळ्या देती, पण बोलणं न्हाई. म्हणलं, बाई, मी चुकले, जा कॉलेजला. तर म्हणली, आई, आधी माणसाला इचारायचं, मग बनवायचं, हे पहिल्या वर्षीच शिकवलं होतं आम्हाला, आन् मी माझ्याच आईला इचारलं न्हाई. 

तुम्ही हे लिहून राहिलात ना, मग एक करा. दुकानात जाऊन वाचून दाखवा तिला. माझ्या तोंडचं ऐकत न्हाई, कागदावरचं ऐकंल. सुखी ऱ्हा म्हणावं, आई म्हणती. आन् एवढं मात्र मोठ्या अक्षरात लिहा, की रेणुका, तू न्हाई मारलंस तुझ्या बापाला.