लास्किनेन यांच्या पायरीवरची मांजर

मी, ऐली तिमोनेन, वय ६९ वर्षे, शाळेतली निवृत्त स्वयंपाकीण, रा. कोर्पिवारा, फिनलंड, आज दि. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन सांगते की,

गावच्या जुन्या दूधडेअरीत आम्ही सहा जण १९९१ पासून बेवारस जनावरांचा निवारा चालवतो. शहरातले लोक जूनमध्ये तळ्याकाठच्या घरांत येतात, पोरांना खेळायला मांजराचं पिल्लू आणतात आणि सप्टेंबरात ते तिथेच टाकून चालते होतात. बर्फाआधी ती गोळा करायची, हे आमचं काम. यंदा एकतीस सापडली. मेल्यांना लाज नाही, हेही लिहा.

दि. २१ सप्टेंबर रोजी सकाळी ११ च्या सुमारास मी व शेजारी ओन्नी त्यांच्या गाडीतून तळ्यावर गेलो. उन्हाळ्यात तिथे एकटेच राहणारे श्री. ओइवा लास्किनेन यांची होडी काठावर पालथी घातलेली, पडदे ओढलेले, धुराड्याला धूर नाही. होडी पालथी म्हणजे माणसं गेली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पायरीवर करडी मांजर दार ओरबाडत होती.

ओन्नी म्हणाले, "ऐली, दार तरी वाजव."

मी म्हणाले, "कुणासाठी? भुतांसाठी? चला, बोटं गारठलीत माझी."

मांजर दोनदा हातातून सुटून दाराशी गेली. मी तिला पेटीत कोंबलं.

कायद्याने मालकाची पंधरा दिवस वाट पाहावी लागते, म्हणून तिचा फोटो इंटरनेटवर लावला. दि. ३ ऑक्टोबरला लास्किनेन यांची मुलगी हेल्का हिचा स्वीडनहून फोन आला. "ही तर आमची मांजर! मग बाबा कुठायत?" तळ्यावर फोन लागत नाही, म्हणून तोवर तिला काळजी वाटली नव्हती. त्याच दिवशी ते दाराच्या आत, जमिनीवर मृत सापडले. पाय मोडला होता, शेजारी परत निघायचं सामान बांधलेलं होतं. डॉक्टरांच्या मते २३ सप्टेंबरपर्यंत जिवंत असावेत.

दार वाजवलं होतं का, असं पोलिसांनी विचारलं, हेल्कानेही विचारलं. दोघांना मी "हो, दोनदा" म्हणाले. ओन्नी तेव्हा गप्प बसले. त्यानंतर त्यांनी मला गाडीत घेतलेलं नाही. हेल्का रडत म्हणाली, "निदान तुम्ही तरी वाजवलंत, ऐलीबाई. उपकार झाले."

मी दार वाजवलं नाही. हाकही मारली नाही. तेहतीस वर्षांत कधी वाजवलंच नव्हतं.

हेल्का उद्या मांजर न्यायला येणार आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच व खरा आहे. याची एक प्रत आजच तिला द्यावी. माझ्या तोंडून निघणार नाही.