एका मतानं

—अगं नको, पाळणा त्या खिडकीशी नको, तिथून वारं येतं. मला कसं माहीत? पोरी, हे बालघर मीच सांभाळलंय, एकोणीस वर्षं! आता किबुत्झनं — आमच्या या सामाईक शेतवसाहतीनं — त्याच्या खोल्या करून भाड्यानं दिल्यात — तू भाडेकरू, मी किल्ल्या देणारी म्हातारी. तेव्हा इथं आठ पाळणे असायचे, ओळीनं. हो, रात्रीसुद्धा. आईबापांकडे संध्याकाळी चार ते सात, मग परत इथं. हसू नकोस, गणित सरळ होतं — एक बाई आठ पोरं बघते, बाकीच्या आया संत्र्यांच्या बागेत. माणसं मोजकी, जमीन खारट — आपापलं बाळ मांडीवर घेऊन कोण बसणार? आणि चाललं की! संत्री बोटीनं परदेशी गेली, सगळे एका भोजनघरात जेवलो, कुणाच्या ताटात घासभर जास्त नाही. आता भोजनघरात सोफे विकतात, आणि ज्याची कमाई त्याची.

माझी ओर्ना? ती पलीकडच्या बालघरात. जिथं आपलं मूल तिथं काम द्यायचे नाहीत, पक्षपात होतो म्हणून. एकदा पळत आली माझ्याकडे, पाच वर्षांची — मी हात धरून परत सोडून आले. बरोबरच केलं ना? सगळ्यांना सारखं म्हणजे सारखं.

मग सभा भरली — मुलांनी रात्री घरी झोपावं का? बाजूनं तीस हात, विरोधात एकतीस. पडला ठराव. ...बघतेस काय अशी? हो, होता माझा हात. विरोधात. नवरा शेजारून कुजबुजला, "तिर्त्सा, खाली घे गं, आपली ओर्ना आहे" — मी आणखी ताठ केला! तत्त्वाची बाई ना मी.

तीन वर्षांनी झालाच मंजूर. ओर्ना घरी आली, अकरा वर्षांची. पलंगाच्या कडेवर बसली, पाहुण्यासारखी, आणि विचारते — "तिर्त्सा, पाणी प्यायला उठू का?" तिर्त्सा. आई नाही. आणि उठू का — स्वतःच्या घरात गं!

परवा तिला मुलगी झाली, हैफात. मी फोन केला, म्हटलं येते, शेकड्यानं पोरं न्हाऊ घातलीत या हातांनी. म्हणाली, "नको तिर्त्सा, बाई ठेवलीय. चांगली आहे." असेल चांगली. मीही चांगलीच होते — कुणालाही विचार.

उठला बघ तुझा. नाही, नाही, माझ्याकडे नको देऊस — तूच घे. घे म्हणते ना! ही किल्ली. दार लावून घे.