अस्तराखालची सही

बाबा: ...म्हणजे तीन महिने तुमच्या दफ्तरखान्यात धूळ खाऊन तू मला हे सांगतेस? माझ्या आजोबांच्या मागे काही सापडतच नाही?

लेक: लग्नाची नोंद आहे, दुकानाच्या परवान्यावर नाव आहे. पण जन्म कुठेच नाही, बाबा. आकाशातून पडल्यासारखे उगवलेत तुमचे आजोबा.

बाबा: नीट बघितलं नसशील. सात पिढ्या पुस्तकबांधणीत आहोत आपण. नुसतं आडनाव सांगितलं की लोक म्हणतात, अरे, ते बांधणीवाले! आणि त्याच घराण्याची वंशावळ मी कोरी पानं ठेवून बांधू?

लेक: कोरं पान तर तुम्ही शेवटीही ठेवलंयत. माझ्या नावाखाली.

बाबा: तो विषय नको.

लेक: चिंगीला दत्तक घेऊन घरी आणून वर्ष झालं. सोमवारी तिच्या शाळेचा अर्ज भरायचाय. आडनाव मी आपलंच लिहिणार. पण तुम्ही मनापासून हो म्हणावं, असं फार वाटतं मला.

बाबा: मी तिला कधी दूर लोटलंय का गं? दिवसातून चारदा माझा चष्मा पळवते, मी काही बोलतो? पण आडनाव रक्ताबरोबर येतं. ते वाटणारा मी कोण? ...हा पुठ्ठा धर. घट्ट. तुमच्याच कचेरीचं रजिस्टर आहे, फाटलं तर साहेब बोंब मारतील.

लेक: धरलं. केवढं जुनं आहे हो!

बाबा: शंभर वर्षं तरी झाली असतील. बांधणी आपल्याच दुकानाची. शिवण बघ, एक टाका सैल पडलेला नाही. आता ओलं फडकं दे. हे पुठ्ठ्याच्या आतलं कागदी अस्तर सुटलं की खाली सही सापडेल.

लेक: कुणाची?

बाबा: बांधणाऱ्याची. आपल्या दुकानाची रीतच आहे ती. अस्तर चिकटवायच्या आधी खाली नाव लिहायचं, मनात असेल ते दोन ओळींत लिहायचं. वाचणाऱ्याला कधी दिसत नाही. पुस्तक पुन्हा उसवेल तेव्हा पुढच्या कारागिरालाच कळतं.

लेक: तुम्हीही लिहिता? मला कधी बोलला नाहीत.

बाबा: तू कधी पुस्तक उसवलंस? ...हळू. ओढू नकोस, आपोआप येईल. हां, सुटलं. अरे! हे तर आजोबांचं अक्षर!

लेक: काय लिहिलंय? ...बाबा? वाचा ना.

बाबा: चष्मा धुरकटलाय. तूच वाच.

लेक: "हे मी एकट्याने बांधलेले पहिले पुस्तक. आईबाप मला आठवत नाहीत. सहा वर्षांचा असताना मालकांना दुकानाच्या पायरीवर सापडलो. त्यांना मूलबाळ नाही. आज मालक म्हणाले, सहीत माझे आडनाव लिही, तू आमचाच आहेस. म्हणून लिहीत आहे." आणि खाली सही. आपलं आडनाव.

(बाबा चष्मा पुसून ती सही स्वतः वाचतात.)

बाबा: दुकानात फोटो आहे ना, पगडीवाले, ते मालक. आजोबा त्यांना बाबाच म्हणायचे. मला मात्र एका शब्दाने सांगितलं नाही.

लेक: लपवावंसं वाटलं असेल.

बाबा: लपवायचं असतं तर लिहिलं असतं का? आपल्यातलाच कुणीतरी उघडेल, हे ठाऊक होतं त्यांना. आणि मी बसलोय रक्ताच्या गोष्टी करत. परवा जेवताना काय काय बोललो मी तुला. चिंगी तिथेच होती ना?

लेक: होती. झोपताना मला विचारलं तिने, आजोबा माझे आहेत ना?

बाबा: मग? तू काय सांगितलंस?

लेक: म्हटलं, तूच विचार त्यांना.

बाबा: आणि तिने विचारलं नाही. ...ती वंशावळीची वही आण. मागचं अस्तर चिकटवायचं राहिलंय. आणि चिंगीला हाक मार.

लेक: आत्ता? बाबा, तिला स्वतःचं नाव लिहितानाच घाम फुटतो. आडनावाला तासभर लावेल. तुमची चिकटवायची खळ वाळून जाईल तोवर.

बाबा: वाळू दे. मी पुन्हा शिजवीन.